लोकप्रियतेची कसोटी : आंद्रे हाझेस या डच गायकाच्या निमित्तानें

लोकप्रियता ही टीकाशास्त्रांतील एक अवघड जागा आहे. जें पुष्कळांस आवडतें तें उत्तम असलेंच पाहिजे, असें म्हणणारे लोक एका बाजूला. आणि जें पुष्कळांस आवडतें तें हलकें असल्यावांचून राहणार नाहीं, असें मनांतल्या मनांत धरून चालणारे सुशिक्षित दुसऱ्या बाजूला. पहिल्या पक्षाला गुणदोषांची चर्चाच नको असते, कारण त्याच्या मतें खपाच्या आंकड्यांनीं ती केव्हांच संपविलेली असते. दुसऱ्या पक्षालाही ती नको असते, कारण गर्दी दिसली कीं त्याचें मत तयार होतें. ती गर्दी कशासाठीं जमली आहे हें पाहण्याचे श्रम तो घेत नाहीं. या दोन्ही पक्षांचें समाधान न करणारें एक उदाहरण आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. तें दूरच्या देशांतलें आहे, परक्या भाषेंतलें आहे, आणि ज्याला तेथला शिष्ट समाज फार काळ काव्यही म्हणावयास तयार नव्हता आणि संगीतही, अशा एका गानप्रकारांतलें आहे.

२७ सप्टेंबर २००४ रोजीं ॲमस्टरडॅम शहरांतील फुटबॉलच्या विशाल क्रीडागारांत सुमारें ५०,००० माणसें जमलीं होतीं. मैदानाच्या मध्यबिंदूवर एक शवपेटी ठेवलेली होती. चार दिवसांपूर्वीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, हृदयविकारानें वारलेल्या आंद्रे हाझेस या गायकाची ती पेटी. देशांतले नामांकित गायक एकामागून एक पुढें येऊन गात होते, जमाव त्यांच्याबरोबर गात होता, आणि घरोघर लक्षावधि लोक दूरचित्रवाणीवर तो प्रसंग पाहत होते. भावनांचें प्रदर्शन करणारे म्हणून डच लोक प्रसिद्ध नाहींत. व्यवहारी, काटकसरी आणि संयमी अशीच त्यांची ख्याति आहे. अशा लोकांनीं कोणा राजपुरुषाला किंवा सेनापतीला नव्हे, तर गुत्त्यांत पेले भरतां भरतां पुढें आलेल्या एका गवयाला असा निरोप द्यावा, याचें कारण शोधण्यासारखें आहे. तें शोधतांना लोकप्रियतेच्या प्रश्नावरही कांहीं प्रकाश पडेल असा आम्हांस भरंवसा वाटतो.

हाझेस ज्या जातीचीं गाणीं गात असे त्यांना डच भाषेंत 'लेव्हन्सलीड' म्हणतात. शब्दशः अर्थ 'जीवनगीत'. नांव भारदस्त असलें तरी वस्तु घरगुती आहे. वारलेली आई, सोडून गेलेली बायको, तुरुंगांतला मुलगा, दगा देणारा मित्र, रिकामा पेला आणि रिकामें घर हे या गीतांचे ठरीव विषय. चाल सोपी, ध्रुवपद दुसऱ्यांदां ऐकतांच कोणासही म्हणतां येईल असें, साथीला बहुधा ॲकॉर्डियन. ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती कालव्यांच्या पश्चिमेस योर्दान नांवाची जुनी कामकरी वस्ती आहे. तेथल्या गुत्त्यांतून हें गाणें वाढलें. त्या वस्तीचेंच नांव धारण केलेला जॉनी योर्दान हा गायक १९५५ सालीं पुढें आला, आणि टांटे लेन, म्हणजे आपल्या भाषेंत 'लेनमावशी', हिचेंही नांव देशभर झालें. विली आल्बेर्टी यानें या प्रकारांत इटालियन गाण्याचा गोडवा आणला. हीं गाणीं स्वस्थ बसून ऐकण्यासाठीं नसतातच. तीं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून म्हणण्यासाठीं असतात. गायक आणि श्रोता यांत अंतर राखणारा रंगमंच त्यांना मानवत नाहीं. सुशिक्षित डच घरांत मात्र त्यांना फार दिवस मज्जाव होता. तेथें बाख होता, फ्रेंच धर्तीचें सूचक गीत होतें, पुढें इंग्रजी गाणीं आलीं. जीवनगीत हें मोलकरणीनें गुणगुणावें आणि मालकिणीनें ऐकून न ऐकल्यासारखें करावें, अशी त्याची पायरी होती.

आंद्रे हाझेसचा जन्म ३० जून १९५१ रोजीं ॲमस्टरडॅममधील 'द पाइप' या दुसऱ्या कष्टकरी भागांत झाला. या वस्तीची एक गंमत अशी कीं, तिच्या अरुंद रस्त्यांना सतराव्या शतकांतील थोर डच चित्रकारांचीं नांवें दिलेलीं आहेत. हाझेसचें घर खेरार्ड डाऊ या चित्रकाराच्या नांवाच्या रस्त्यावर. आल्बर्ट काउप याच्या नांवाच्या रस्त्यावर शहरांतला मोठा बाजार भरतो. आणि जवळच यान स्टेनचा रस्ता आहे. या शेवटच्या नांवाकडे आम्हांला पुढें वळावें लागणार आहे. घरची गरिबी, वडील मद्यपी. १९५९ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, आईला कांहीं भेट घेण्यापुरते पैसे जमावेत म्हणून हा मुलगा आल्बर्ट काउप बाजारांत गात उभा राहिला आणि जॉनी क्राइकांप या लोकप्रिय नटाच्या दृष्टीस पडला. त्याच्यामुळें मुलगा दूरचित्रवाणीवर गेला. एक ध्वनिमुद्रिकाही निघाली. ती चालली नाहीं.

कथाकादंबऱ्यांत अशा प्रसंगानंतर भाग्योदय ठेवलेला असतो. येथें तो सतरा वर्षें लांबला. त्या काळांत हाझेसनें बांधकामावर मजुरी केली, पुढें गुत्त्यांत पेले भरले आणि गिऱ्हाइकांसाठीं गाणीं म्हटलीं. १९७६ सालीं, नाताळचा सण तुरुंगांत काढणाऱ्या एका माणसाचें गाणें त्यानें रचलें, तें विली आल्बेर्टीनें गावें म्हणून. आल्बेर्टीनें उलट सल्ला दिला कीं, हें तूंच गा. 'एकाकी नाताळ' अशा अर्थाच्या त्या गाण्यानें हाझेसचें नांव प्रथम देशाच्या कानावर गेलें. पुढें टिम ग्रीक या जाणत्या निर्मात्याची गांठ पडली. १९८० सालीं 'मित्र' या अर्थाचें गाणें गाजलें आणि १९८१ सालच्या 'साधाच आंद्रे' या अर्थाच्या नांवाच्या संग्रहानें तो घरोघर पोहोंचला. लवकरच ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ या संगीतगृहांत, जेथें १८८८ पासून युरोपांतील अभिजात संगीताचे मानकरी हजेरी लावीत आले, तेथें द पाइपच्या या मुलाचा जलसा झाला. तथापि शिष्टांनीं त्याला दारांतून आंत घेतलें असा याचा अर्थ नव्हे. सभागृह त्याला मिळालें होतें. सभासदत्व मिळावयाचें होतें.

आतां गुणदोषांकडे वळूं. दोष झांकून केलेली स्तुति हा स्तुतिविषयाचाच अपमान असतो. म्हणून प्रथम दोष. हाझेसची शब्दसंपत्ति तुटपुंजी आहे. गीतें रचतांना तो यमककोश जवळ ठेवीत असे ही गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि ती कोणी सांगितली नसती तरी गीतांवरूनच ओळखूं आली असती. कारण पुष्कळ ठिकाणीं यमकच अर्थाला फरफटत नेतें. उपमा आल्या तर हजारदां वापरून गुळगुळीत झालेल्या. भावना सूचित करण्याऐवजीं तिचें नांव घेऊन तिला पुढें उभी करण्याची खोड जागोजाग दिसते. दुःख झालें असें एकदां सांगून टाकलें म्हणजे दुःख दाखविण्याचें काम उरत नाहीं, असें त्याला वाटत असावें. गळाही शास्त्रोक्त शिक्षण मिळालेला नव्हे. वरच्या स्वरांत तो ताणला जातो, आणि शब्दाच्या शेवटीं हुंदक्यासारखी एक लकब येते. ती पहिल्यानें हेलावून सोडते, दहाव्यानें सवयीची वाटते.

त्याच्या कांहीं प्रसिद्ध चाली परक्या आहेत, असाही एक आक्षेप घेतां येईल. 'तिचा माझ्यावर विश्वास आहे' या अर्थाचें त्याचें गाणें केनी रॉजर्स या अमेरिकन गायकानें गाजविलेल्या गीताच्या चालीवर बांधलेलें आहे. १९८८ सालीं हॉलंडच्या फुटबॉलपटूंनीं युरोपांतील अजिंक्यपद मिळविलें, त्या मोसमासाठीं हाझेसनें गायिलेलें गाणें तर रॉबर्ट बर्न्सच्या जगप्रसिद्ध निरोपगीताच्या चालीवर आहे. परंतु हा आक्षेप आम्हांस महत्त्वाचा वाटत नाहीं. खुद्द बर्न्सनें आपलीं उत्तमोत्तम गीतें स्कॉटलंडांतील जुन्या चालींवरच बसविलीं, आणि आमच्या संगीत नाटकांतील पदांच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचे बोल छापलेले असत हें मराठी वाचकांस सांगावयास नको. लोकगीताचा कवि चाल निर्माण करीत नसतो, ती राहावयास घेतो. पाहावयाचें तें एवढेंच कीं, त्या घरांत त्यानें स्वतःचा संसार मांडला कीं नाहीं.

या दृष्टीनें हाझेसचें 'पतंग' हें गीत पाहण्यासारखें आहे. त्यांतला वक्ता बाप आहे. काल मुलाला आठवें वर्ष लागलें, त्यानें पतंग मागितला, आणि तो त्याला मिळाला. मग मुलानें आईला एक चिठ्ठी लिहिली. आई स्वर्गांत आहे. चिठ्ठी पतंगाला बांधली कीं ती वर जाईल, आणि आईच्या हातीं पडेल, असा त्याचा हिशेब. चिठ्ठींत आईची आठवण तर आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे. घरांत आलेल्या दुसऱ्या बाईची मला संवय होत नाहीं, असें मुलानें आईला कळविलें आहे.

वाचकांनीं या शेवटच्या गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावें, कारण गीताचें सारें बळ तेथें आहे. दुसरी बाई आणणारा तो बाप, आणि हें गाणें म्हणणाराही तोच. म्हणजे मुलाच्या चिठ्ठींतली फिर्याद ज्याच्याविरुद्ध, तोच ती आपल्या तोंडानें जगाला ऐकवीत आहे. तो स्वतःची बाजू मांडीत नाहीं, मुलाला समजावीत नाहीं, चिठ्ठी कोठेंही पोहोंचणार नाहीं असेंही सांगत नाहीं. तो फक्त दोरा धरून उभा आहे. मुलाचा हिशेब खोटा आहे हें आपणांस ठाऊक, बापास ठाऊक, आणि त्या जाणिवेचा एक शब्दही गीतांत नाहीं. इतर गीतांत ज्याला प्रत्येक भावनेचें नांव घेतल्याशिवाय राहवत नाहीं, त्याच माणसानें येथें सर्वांत मोठी गोष्ट न बोलतां ठेवली आहे. शब्द या गीतांतलेही साधेच, यमकें सोपींच. परंतु कागदाचा तो पतंग एवढें दुःख उचलून वर जातो कीं, कोणत्याही मोठ्या कवीनें या कल्पनेचा हेवा करावा. आठ वर्षांचा एक मुलगा आईसाठीं बाजारांत गात उभा राहिला होता, तें चरित्र ज्यास ठाऊक असेल त्याला हा दुसरा आठ वर्षांचा मुलगा अधिकच जवळचा वाटेल. पण ज्यास ठाऊक नसेल त्याचेंही कांहीं अडत नाहीं. चांगल्या गीताची ही एक खूण आहे.

'तिचा माझ्यावर विश्वास आहे' या गीतांतही हाच गुण थोड्या कमी प्रमाणांत आहे. रात्रीं लवकर येतों, वाट पहा, असें बायकोला सांगून बाहेर पडलेला गवई उशिरां परत येतो. ती झोंपली आहे. जातांना त्यानें शब्द दिला तेव्हां ती हंसली होती, कारण तो पाळला जाणार नाहीं हें तिला कळत होतें. तरीही तिची श्रद्धा आहे कीं, एक दिवस जग याला ओळखील. कल्पना मूळच्या इंग्रजी गीतांतली आहे हें खरें; परंतु हाझेसच्या तोंडीं ती पडली कीं निराळीच होते. मोठ्या यशाच्या शिखरावरून म्हटलेलें हें गाणें नव्हे. सतरा वर्षें ज्याला जगानें ओळखलें नव्हतें त्या माणसाचें तें आहे. नायक स्वतःची थोरवी गात नाहीं. तो दुसऱ्याच्या सहनशीलतेपुढें ओशाळलेला आहे. जीवनगीतांत पुरुष सहसा आपल्या दुःखाचा हिशेब मांडतो. येथें तो आपण दिलेल्या दुःखाचा हिशेब मांडतो.

आमच्या साहित्यशास्त्रांत भट्टनायकानें रसास्वादाची उपपत्ति सांगतांना 'साधारणीकरण' ही कल्पना मांडली. काव्यांतला भाव अमक्या व्यक्तीचा राहत नाहीं, तो व्यक्तीपासून सुटतो आणि सर्वांचा होतो. म्हणूनच करुण रसांतही आस्वाद असतो. स्वतःच्या दुःखानें माणूस केवळ दुःखी होतो. परंतु साधारण झालेल्या दुःखांत त्याला आपलें आणि परक्याचें दुःख एकाच वेळीं पाहतां येतें. हें घडून येण्यासाठीं कवीला विभावांची योजना करावी लागते, म्हणजे भाव ज्यांच्या आश्रयानें उभा राहील अशीं माणसें, वस्तु, प्रसंग निर्माण करावे लागतात. 'पतंग' या गीतांत पतंग आहे, चिठ्ठी आहे, दोरा धरलेला बाप आहे. 'एकाकी नाताळ' या गीतांत सणाचा दिवस आणि तुरुंगाची कोठडी यांचा विरोध आहे. जेथें अशी योजना आहे तेथें हाझेस करुण रसापर्यंत पोहोंचतो. जेथें ती नाहीं, तेथें गायकाचें वैयक्तिक दुर्दैवच काय तें जामीन म्हणून उभें राहतें; मोडलेले संसार, मद्य, वर्तमानपत्रांतून सर्वांस ठाऊक झालेले प्रसंग. त्या गीतांना आम्ही करुण म्हणणार नाहीं. ती भावविवशता आहे, आणि हाझेसच्या गीतसंभारांत तिचें प्रमाण अर्ध्याहून कमी नाहीं.

मग या दुबळ्या गीतांनींही सहस्रावधि लोकांचे डोळे ओले कां होतात? आम्हांस वाटतें, तेथें साधारणीकरणाचें काम जमावच करून घेतो. ज्या शब्दांत विशेष असें कांहीं नसतें त्यांत कोणाचेंही दुःख मावतें. मैदानांत शेजारीं उभ्या असलेल्या चौघांपैकीं एकाची आई गेलेली असते, एकाची नोकरी, एकाची बायको, आणि चौथ्याचें कांहींच गेलेलें नसतें. तरी ध्रुवपद चौघांचेंही होतें. १९८८ सालीं विजयाच्या भरांत त्याचें गाणें ज्या मुखांनीं गायिलें त्यांच मुखांनीं त्याला निरोप दिला. पुढें त्याचें 'रक्त, घाम आणि अश्रु' या अर्थाचें गीत आयाक्स या फुटबॉल संघाच्या मैदानांत सामन्यांच्या वेळीं हजारों लोक म्हणूं लागले. हा परिणाम खरा आहे आणि त्याला क्षुल्लक लेखण्याचा अधिकार कोणासही नाहीं. जो समाज एरवीं आपल्या दुःखाविषयीं बोलत नाहीं, त्याला तें एकत्र मोठ्यानें म्हणण्याची सोय या गाण्यांनीं करून दिली. परंतु ही सोय करणें आणि उत्तम काव्य निर्माण करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें मात्र टीकेला सांगावेंच लागेल. पहिलीचें श्रेय बरेंचसें जमावाचें. दुसरीचें सर्वस्वीं कवीचें.

आतां यान स्टेनकडे येऊं. सतराव्या शतकांतला हा चित्रकार गुत्ते, मेजवान्या, विस्कटलेले संसार आणि झिंगलेलीं माणसें रंगविण्यांत प्रवीण होता. अव्यवस्थित घराला डच भाषेंत आजही 'यान स्टेनचें घर' म्हणतात. त्यानें डेल्फ्ट येथें मद्याची भट्टी चालवावयास घेतली होती आणि पुढें लायडन येथें गुत्ताही चालविला. आपल्या चित्रांतल्या बेतालांच्या घोळक्यांत तो पुष्कळदां स्वतःलाही हंसतांना बसवितो. ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयांत त्याच्या चित्रांपुढें शिष्ट कुटुंबें मुलांना घेऊन आदरानें उभीं राहतात. आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या वस्तींतला गायक त्याच गुत्त्याचें गाणें म्हणूं लागला तेव्हां हींच कुटुंबें तोंड फिरवीत. तीनशें वर्षांच्या वार्निशाखालीं जें राष्ट्राचें वैभव ठरतें, तें ओल्या रंगांत असभ्य ठरतें, हा ढोंगीपणा केवळ डच नव्हे.

परंतु स्टेन आणि हाझेस यांत एक भेद आहे, आणि तो हाझेसच्या विरुद्ध जाणारा आहे. स्टेन चित्रांत बसलेला असला तरी कुंचला धरणारा हात शुद्धींत असतो. चित्रांतला स्टेन हंसतो, चित्राबाहेरचा स्टेन पाहतो. हाझेसजवळ हा दुसरा माणूस फारसा नव्हता. आणि असला तरी श्रोत्यांना तो नको होता. त्यांना गायक आणि गाण्यांतला दुःखी माणूस यांत तसूभरही अंतर खपत नव्हतें. रंगमंचावरही त्याच्या हातीं बिअरचा पेला असे, आणि तो पेला त्याच्या सच्चेपणाची मोहोर समजली जाई.

हें सत्य सर्वांत स्पष्ट दिसलें तें १९९९ सालीं. त्या वर्षीं जॉन आपेल या दिग्दर्शकानें हाझेसवर एक चरित्रात्मक अनुबोधपट काढला, आणि ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवांत त्याला योरिस इव्हेन्स पारितोषिक मिळालें. घरांतला हाझेस, बायकोशीं वाद घालणारा, भित्रा, हट्टी, पिणारा, प्रेमळ, गीत जुळवितांना अडखळणारा, असा तो पडद्यावर आला. ज्यांनीं त्याची एकही ध्वनिमुद्रिका घरांत ठेवली नव्हती त्या सुशिक्षितांनीं हा चित्रपट पाहिला आणि त्यांचें मत पालटलें. हा माणूस खरा आहे, अस्सल आहे, असें ते म्हणूं लागले.

आम्हांस या मतपरिवर्तनाचा आनंद वाटला असता, जर तें गीतांविषयीं असतें तर. परंतु तें माणसाविषयीं होतें. 'पतंग' हें गीत दोन दशकांहून अधिक काळ सर्वांस उपलब्ध होतें. त्यांतली फिर्याद आणि त्यांतलें मौन कोणासही ऐकतां आलें असतें. तें न ऐकतां, चित्रपटगृहाच्या काळोखांत बसून गायकाच्या संसाराची पडझड पाहिल्यावर त्याला अस्सल म्हणणें ही रसिकता नव्हे. पूर्वीं त्याला खालचा म्हणून टाळीत, आतां त्याला खालचा म्हणून गोंजारूं लागले. दोन्ही वेळां गाणें ऐकावयाचें राहिलें तें राहिलेंच. दिग्दर्शकाला आम्ही दोष देत नाहीं, त्याची कृति प्रामाणिक आणि मर्मग्राही आहे. दोष आहे तो कलाकृतीच्या जागीं कलावंताचें जिणें ठेवून त्यालाच गुण देणाऱ्या वृत्तीचा.

या वृत्तीची किंमत कोणी दिली हें विसरतां येत नाहीं. हाझेसची ओढ निग्रो गायकांच्या 'ब्लूज' या दुःखगीतांकडे फार जुनी होती, आणि १९८९ सालीं त्यानें त्या वळणाचा एक संग्रह काढला. त्याचें नांव 'मला हवें आहे तें हें' अशा अर्थाचें आहे. ज्याला आपल्या संग्रहावर असें नांव घालावेंसें वाटतें, त्याच्याकडून इतर वेळीं निराळेंच कांहीं मागितलें जात असावें, असा तर्क करावयास फारशी बुद्धि लागत नाहीं. ज्याच्या हातीं त्याच्या गाण्याचा लगाम होता तो टिम ग्रीक १९८८ सालींच वारला होता. उत्तरायुष्यांत हाझेसची श्रवणशक्ति क्षीण झाली. गवयाला याहून क्रूर शिक्षा नाहीं. देह मद्यानें आणि दगदगीनें पोखरलेला होता. दुःखाचें गाणें खरें वाटण्यासाठीं गायकानें दुःखांतच राहिलें पाहिजे, असा श्रोत्यांचा न बोललेला आग्रह असतो. आणि बरा झालेला, सुखी, पाणी पिणारा हाझेस त्यांनीं किती प्रेमानें स्वीकारला असता याविषयीं आम्हांस संशय आहे. नट रंगमंचावर रोज मरतो आणि रोज घरीं जाऊन जेवतो, हें आपण मान्य करतों. लोकगायकाला मात्र तेवढी सवलत आपण देत नाहीं. रसिकतेच्या नांवाखालीं चालणारी ही निष्ठुरता आहे, आणि ती शिष्टांत व सामान्यांत सारखीच आढळते.

मृत्यूनंतरचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. २००५ सालच्या सप्टेंबरांत आल्बर्ट काउप बाजारांत त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याच्या इच्छेप्रमाणें रक्षेचा कांहीं भाग आतषबाजीच्या बाणांतून हूक फान हॉलंड येथील समुद्रकिनाऱ्यावरून आकाशांत सोडण्यांत आला. चिठ्ठी पतंगाला बांधणाऱ्या कवीला हा शेवट शोभला. २०१२ सालीं त्याच्या चरित्रावरचें संगीत नाटक रंगभूमीवर आलें. त्याचा मुलगा आणि मुलगी दोघेंही गायनाच्या व्यवसायांत आलीं. हीं लोकप्रियतेचीं चिन्हें झालीं. टीकेच्या दृष्टीनें त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची आहे, ती अशी कीं, आतां हीं गाणीं दुसरीं माणसें गातात. नाटकांतल्या नटाचा संसार मोडलेला असण्याची गरज नसते, मैदानांतल्या तरुणांपैकीं कित्येकांनीं हाझेसला जिवंतपणीं पाहिलेलेंही नाहीं. गायकाचें दुःख जामीन राहावयास आतां उपलब्ध नाहीं. गीताला स्वतःच्या पायांवर उभें राहणें भाग आहे.

या कसोटीला लावलें असतां हाझेसच्या शेंकडों गाण्यांपैकीं बरींच गळून पडतील, आणि पडावींतही. यमककोशांतून उतरलेलीं, पेल्याच्या आधारानें उभीं राहिलेलीं तीं गाणीं त्यांच्या काळाबरोबर जातील. 'पतंग' राहील, 'एकाकी नाताळ' राहील, उशिरां घरीं आलेल्या गवयाचें ओशाळें गीत, उसनी चाल असूनही, राहील, आणखी दोनचार त्यांच्या पंक्तीला बसतील. एका आयुष्यासाठीं हा सांठा थोडा नव्हे. ज्यांच्या संग्रहांना विद्यापीठांत जागा मिळाली अशा किती कवींची पांच गीतें त्यांच्या देशाला पाठ असतात?

लोकप्रियता हा निकाल नव्हे. ती फिर्याद आहे. पुष्कळ लोक एकाच दाराशीं येऊन कांहीं सांगत आहेत, एवढेंच तिच्यावरून सिद्ध होतें. दार लावून घेणारा टीकाकार आणि जमावाबरोबर ओरडणारा टीकाकार, दोघेही सुनावणीचें काम टाळतात. हाझेसच्या बाबतींत डच शिष्टांनीं वीस वर्षें पहिली चूक केली आणि पुढें घाईघाईनें दुसरी. त्यांच्या देशांतला हा खटला आपल्या घरांतल्या निकालांकडे पुनः एकदां पाहावयास लावील, तर तो दुरून आणून येथें मांडल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. आपल्या माजघरांतही पुष्कळ गाणीं अशीं असतील कीं, जीं आपण ऐकलीं आहेत, पण ज्यांची सुनावणी अद्याप केलेली नाहीं.